भलत्याच पेशी

३ मार्च

प्रयोगशाळेत मी वाढवते त्या पेशी ज्याच्या पाठीवरच्या गाठीतून काढल्या, तो माणूस नऊ वर्षांपूर्वी गेला. पेशी अजून जगताहेत. मग तोच का नाही जगला? — आईनं आज फोनवर विचारलं. त्वचेच्या कर्करोगावरच्या संशोधनाचं चौथं वर्ष चालू आहे, जनुकांची नावं झोपेतही सांगेन, पण हे नाही!

आई रोज विचारते, "लेकरं जेवली का?" लेकरं म्हणजे माझ्या पेशी. एक दिवसाआड त्यांचं पोषणद्रव बदलावं लागतं, हे तिला पाठ झालंय. बाबा घरांवर पत्रे घालतात आणि कामावर सगळ्यांना सांगतात, पोरगी कातडीची इंजिनिअर आहे. घरातली पहिली पदवी माझी. तिला काय म्हणायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलंय.

७ मार्च

माझ्या मार्गदर्शक मॅडम तीस तारखेला निवृत्त होणार. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, धरायला शिकवलं होतं, अक्षर गिरवून घ्यावं तसं. निरोपाच्या भाषणात त्या गेल्या वर्षी मासिकात आलेल्या आमच्या शोधनिबंधाबद्दल बोलणार आहेत — दोन जुनी औषधं एकत्र दिली की आमच्या पेशी मरतात. तो वाचून एका रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय: त्वचेच्या कर्करोगाच्या चार रुग्णांना ती जोडी द्यायचा विचार आहे, पंचवीसला बैठक.

चार माणसं. खरीखुरी. पत्र तीनदा वाचलं.

१२ मार्च

नव्या निबंधासाठी त्याच मासिकानं पेशींची ओळख तपासून मागितली होती. डीएनएचा अहवाल आला. या पेशी त्वचेच्या नाहीतच. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या आहेत.

तशा पेशी आमच्याकडे एकच जण वाढवतो. शेजारच्याच कपाटात, आमचा सीनियर — सगळे त्याला दादा म्हणतात.

आईला सांगितलं, लेकरं जेवली.

१७ मार्च

गोठवून ठेवलेल्या जुन्या कुप्या तपासून घेतल्या. पहिल्या वर्षीच्या जुलैपर्यंत सगळं बरोबर. ऑगस्टपासून भलत्याच. म्हणजे गेल्या वर्षीचा निबंधही त्यांच्यावरचाच.

ऑगस्टची वही काढली. माझंच अक्षर: "द्रव संपला. दादाची उघडी बाटली वापरली." एका जातीच्या पेशींची बाटली दुसरीला वापरायची नाही, हे इथं पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या बाटलीत त्याच्या दोन-चार पेशी असणार. त्या भराभर वाढल्या, माझ्या संपल्या. आणि मी इतकी वर्षं प्रेमानं त्यांनाच खाऊ घातलं!

दादा म्हणाला, बाटली मीच दिली होती, कळवशील तेव्हा माझंही नाव घाल. मी नको म्हटलं. मागितली मी होती.

१८ मार्च

मॅडमना सांगितलं. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, वही वाचली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तीस तारखेपर्यंत थांब. मग दोघी मिळून मासिकाला कळवू. एवढं माझ्यासाठी कर, बाळ."

त्यांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

२१ मार्च

बाबांना फोन केला. कधी नव्हे ते सगळं सांगितलं, बाटलीसकट. शेवटी एवढंच विचारलं, "ते औषध माणसांना द्यायला लागलेत का?"

पंचवीसला ठरेल, मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

२२ मार्च

डॉक्टरीणबाईंना निदान थांबा म्हणून कळवू या का, असं मॅडमना विचारलं. त्यांना कळवलं की मासिकालाही कळणारच, त्या म्हणाल्या. खरं आहे ते. मग त्यांनी मला डब्यातली अर्धी पोळी दिली. मी खाल्ली.

२३ मार्च

मॅडमनी भाषण वाचायला दिलं. निबंधाचा परिच्छेद तसाच आहे. माझं नाव त्याच परिच्छेदात आहे — "माझी सर्वांत प्रामाणिक विद्यार्थिनी".

२४ मार्च

सकाळी नऊला पत्र पाठवलं. मासिकाला आणि डॉक्टरीणबाईंना, एकदमच. चूक कशी झाली ते सगळं लिहिलं, खाली एकटीची सही. प्रत मॅडमच्या टेबलावर ठेवली आहे आणि मी त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसले आहे. त्या पावणेदहाला येतात.