सभागृहात आमचा तालुका

१ डिसेंबर, सोमवार

आली! आली! आंतरजिल्हा बदली आली!!

तीन वर्षं माझी फाइल माझ्यापेक्षा जास्त फिरली — कलेक्टर, आयुक्त, मंत्रालय, पुन्हा आयुक्त. आदेशात कारण छापलंय 'पती-पत्नी एकत्रीकरण'. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर शासन आम्हाला एकत्र करतंय! १९ तारखेला इथून कार्यमुक्त, २२ ला चंद्रपूरला हजर.

कुलदीपला लगेच फोन लावला. तो प्लांटमध्ये, मागे नुसती घरघर. "काय म्हणून राह्यली? जोरानं बोल!" जोरानं बोलले, तर अख्ख्या तहसील कचेरीला कळलं. रात्री सांची फोनवर आली. चार वर्षांची झाली, चंद्रपूरच्या ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, आजीजवळ वाढतेय, आई म्हणजे तिच्यासाठी शनिवार-रविवार. "आता रोज घरी येशीन?" रोज ग बाई, रोज!

२ डिसेंबर

पेढे वाटले. आमचा शिपाई पत्रूभाऊ दोन घेऊन म्हणतो, "मॅडम, तुमी गेल्यावर ह्या टेबलावर कोण बसन? मी बसू काय?" दाखल्यांचं टेबल माझं, आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बदल्या-रजांचं, टेबलही माझंच. महसूल सहायक म्हणून उरलंय कोण? मी आणि मी. पोट दुखेपर्यंत हसलो.

४ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस विसरणार नाही.

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतंय, आणि आमच्या आमदारांनी तारांकित प्रश्न टाकलाय — आमच्याच कचेरीवर! 'निम्म्याहून अधिक पदे रिक्त असल्याने विद्यार्थ्यांचे दाखले वेळेत मिळत नाहीत, हे खरे आहे काय?' मंत्रालयातून आयुक्तांकडे, तिथून कलेक्टरकडे, तिथून आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. 'उत्तर आज तीनपर्यंत.' वाचलं तेव्हा दोन वाजून गेले होते!

सरकार एवढं मोठं, पण चालतं कुठून? सभागृहात उभे राहणार मंत्री, आणि त्यांनी काय बोलायचं ते टाइप करणार मी, तेही 'ए' चं बटण अडकणाऱ्या कीबोर्डवर!

तहसीलदार साहेब साताऱ्याकडचे, सावध माणूस. म्हणाले, "लिहा, 'हे अंशतः खरे आहे.'" सरकारी सत्य तीन जातींचं असतं — खरे, खरे नाही, आणि अंशतः खरे. तिसरं सगळ्यांचं लाडकं. पद कागदावर भरलेलं, माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे, झालं अंशतः!

बोटं चालेनात. देवरावभाऊ डोळ्यांपुढे आले. ऑगस्टमध्ये मुलीच्या, रंजीताच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला मागायला यायचे. जंगलातल्या गावावरून, सायकलनं. मी मतदार याद्यांच्या कामात, दुसरं कोणी नाही. दाखला निघाला तेव्हा प्रवेश बंद झाले होते. भांडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जाऊ द्या बाई, तुमी एकट्या तरी किती करान."

सरळ साहेबांना म्हटलं, "साहेब, अंशतः नाही. पूर्ण खरं आहे. खोटं मला टाइप करता येणार नाही." बाप रे, कुठून आलं धाडस! बदलीचा आदेश पर्समध्ये असला की माणूस शूर होतो. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "लिहा. पण माहिती पक्की जोडा, वर मंत्र्यांची पंचाईत नको."

'होय, हे खरे आहे.' तीनच्या आत गेलं!

७ डिसेंबर, रविवार

ऊर्जानगर. कुलदीपनं माझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं करून ठेवलंय. सासूबाई सगळ्या क्वार्टरांत सांगून आल्या — "आमची सून आता इथीच राह्यते." सांची पाय सोडेना. उद्यापासून अधिवेशन संपेपर्यंत मुख्यालय सोडायचं नाही, म्हणून मन घट्ट करून निघाले. थोडेच दिवस!

१० डिसेंबर

दिवसभर वरून फोन. मंजूर किती, भरलेली किती, दाखले किती. माझ्या वाक्याला अजून कोणी हात लावलेला नाही!!

१२ डिसेंबर, शुक्रवार

झालं! झालं!!

सगळे साहेबांच्या संगणकाभोवती, अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण बघत. देवरावभाऊही नेमके कामाला आलेले, त्यांना खुर्ची दिली. आमच्या तालुक्याचं नाव पुकारलं आणि अंगावर काटा आला. मंत्री उठले, कागद धरला, म्हणाले — "होय, हे खरे आहे."

माझं वाक्य! जसंच्या तसं! पत्रूभाऊनं शिट्टी मारली. कचेरीत!

आमदार पुन्हा उठले, "भरणार कधी? तारीख सांगा!" सभागृहात गोंधळ. मागून अधिकाऱ्यांची चिठ्ठी आली, मंत्र्यांनी वाचली. म्हणाले, पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे, आणि ती भरेपर्यंत या कार्यालयातून एकाही कर्मचाऱ्याला सोडणार नाही, असे आश्वासन मी सभागृहाला देतो. बाकं धडाधड वाजली. आम्हीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात मी.

देवरावभाऊ म्हणाले, "म्हणजे पुढल्या साली पोरीचं काम होईन न बाई?"

"होईन न भाऊ! पक्कं होईन!"

साहेब तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. नुसते माझ्याकडे बघत होते. या माणसाला कशाचा म्हणून आनंद होत नाही!

१५ डिसेंबर, सोमवार

आश्वासनाचा अनुपालन अहवाल दुपारपर्यंत मागवला. आस्थापनेचं टेबल माझं, म्हणून मीच टाइप केला. 'श्रीमती खुशबू कुलदीप रामटेके, महसूल सहायक, यांना कार्यमुक्त करण्यात आलेले नाही व रिक्त पदे भरेपर्यंत करण्यात येणार नाही.' साहेबांनी न वाचता सही केली.

कुलदीपला फोन केला. तो म्हणाला, "सांचीले काय सांगू?"