चेनीत गेलेली बोटं

फलटण

प्रिय अफताब,

सलाम. तब्येत विचारत नाही, कारण फोनवर विचारली की तू हसतोस. "काय न्हाई गं आपा, दोनच बोटं हायती," म्हणतोस. म्हणून लिहितेय. आता ऐकून घे.

गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, तुझा तो मित्र मुजीब ॲक्सिलरेटर पिळतोय आणि तू फिरत्या चेनीला फडकं लावून बसलास. कशासाठी, तर पाचगणीला जाताना गाडी चकाचक दिसावी. फडकं ओढलं गेलं आणि त्यामागून बोटं. अरे, अक्कल गहाण टाकली होतीस का? मी इथे तुझ्या दाजींची गाडी दर रविवारी धुते. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. गाडी थंड झाली की रबरी हातमोजे घालायचे, जुन्या टूथब्रशने चेनीला रॉकेल लावायचं आणि चाक हातानेच सावकाश फिरवत एकेक कडी पुसायची. चक्रीजवळ बोट न्यायचंच नाही. माझं कधी नखही मोडलं नाही, आणि माझ्या हातांची तर कुणाला पडलेलीही नव्हती.

तेच डोक्यात जातं माझ्या. तंबोरे घडवणाऱ्या आपल्या मिरजेच्या घरात तुझ्या हातांचे केवढे लाड. तुला तंबोऱ्याची जवारी, तारेची ती भरीव गुंज, काढायची होती. तारा टेकतात त्या घोडीचा उतार कानशीने घासताना बोटाच्या टोकाला कळला पाहिजे, म्हणून अम्मीने तुला बादली उचलू दिली नाही, मिरची चिरू दिली नाही. बादल्या मी उचलल्या, मिरच्याही मीच चिरल्या. आणि भिंतीपलीकडून ऐकत राहिले. तू घासायचास, तार छेडायचास, आणि अजून किती घासायचं ते मला आत बसून कळायचं. एकदा मी कानस उचलली, तर अब्बांनी ती काढून घेतली. रागावले नाहीत, नुसती तुझ्या हातात दिली. मला तुझा फार हेवा वाटायचा, अफताब. आणि तू तीच बोटं चेनीत घातलीस.

डॉक्टर म्हणतात, तर्जनीच्या टोकाची जाणीव परत येईल की नाही सांगता येत नाही. हे तू मला सांगितलंच नाहीस. काल अब्बांचा फोन आला तेव्हा कळलं. तंबोऱ्यांची जोडी तयार आहे, जवारी तेवढी राहिलीय, आणि त्यांचा हात आता कानशीवर ठरत नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "तू येतीस का गं? तुला कळतंय त्यातलं, म्हाईत हाय मला." म्हणजे इतकी वर्षं माहीत होतं त्यांना. फोन ठेवून मी रडले, रागानंच.

शुक्रवारी येतेय. दाजींना सांगून झालंय. तू शेजारी बस, तुझे कान शाबूत आहेत, चुकलं तर सांग. बोटं लवकर बरी होवोत, हे अगदी मनापासून. पण ती बरी झाली की मी तुझ्या जागेवरून उठेन, असं मात्र धरून चालू नकोस.

तुझीच,
मुबश्शिरा आपा