झाकणाला न लागलेला मध

सिस्टर, हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे, तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून. डोंगरावरच्या आपल्या बोर्डिंगमध्ये जेवताना कुणाच्या तोंडून एखादा मराठी शब्द निसटला, तर तुम्ही तिला ताटावरून उठवून भिंतीकडे तोंड करून उभं करायचात. माझ्या वाट्याला ती भिंत पुष्कळदा आली. तिचे पोपडे मला अजून आठवतात. तुम्ही गेल्याचं एका वर्गमैत्रिणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी कुकर लावत होते. "अरेरे" म्हणाले आणि तिच्या सुनेची चौकशी करायला लागले. त्यालाही आता खूप वर्षं झाली.

या वर्षी तुम्ही पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात आलात, न बोलावता. आम्ही जपानमध्ये, त्सुकुबाला राहतो. नवरा इथल्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाला, मुलगा उरायासुला असतो, आणि शेजारच्या बाईंच्या शेताच्या कडेला माझ्या तीन मधपेट्या आहेत. या भागातल्या हौशी मधपाळांचं दर शरदात एक प्रदर्शन भरतं. त्यात या खेपेला मी पहिल्यांदाच मध ठेवायचं ठरवलं. दोन बरण्या द्यायच्या, अगदी जुळ्या. तिथे चवीची पाळी शेवटी येते. आधी परीक्षक काच बघतो, मग मधाचा पृष्ठभाग, मग झाकण उघडून त्याची आतली बाजू. तिथे मधाचा एक ठिपका लागलेला असला तरी गुण गेले.

आणि सिस्टर, मला काहीच शोधावं लागलं नाही, सगळं तुम्ही शाळेत शिकवलेलंच होतं. मलमल ओली करून घट्ट पिळायची आणि मगच तिच्यातून मध गाळायचा. बरणी कोमट पाण्यात उभी ठेवायची, म्हणजे बुडबुडे आपसूक वर येतात. आणि तो कागद! तुम्ही बटर पेपरचा गोल तुकडा मधावर अलगद टेकवायचात, श्वास रोखायचात आणि एका कडेने, न थांबता, एकाच ओढीत उचलायचात. सगळा फेस, मेणाचे कण कागदाबरोबर निघून यायचे आणि खाली आरशासारखा मध. मधेच हात थबकला तर रेघ उठते. मी इथे कागदाऐवजी स्वयंपाकाचा प्लॅस्टिकचा रॅप वापरते, पण हात तसाच चालतो. माझे हात इतकी वर्षं तुमचं ऐकत बसले होते, याचा मला संताप आला.

बरण्या पुसत होते तर नवरा दारात येऊन उभा. "मध नेतेस की मुलगी दाखवायला नेतेस? पावडर लाव जरा तिला."

"हात लावू नका हं. बोटं उमटतात."

"मग मी टोस्टला काय लावू?"

"जॅम आणा कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून."

तो हसत गेला. मी हसले नाही, कारण बोटं म्हटल्याबरोबर मला तुमचं बोट दिसलं.

आठवीत आहे मी. गावात फुलाफळांचं प्रदर्शन आहे, आणि बागेतल्या पेट्यांचा जांभळाचा मध आम्ही चौघीजणी तयार करतोय, प्रत्येकीची एक बाटली. माझी सगळ्यांत चांगली झालीय. हे मी मोठ्याने म्हणते, हीच माझी चूक. आई साताऱ्याहून एसटीने येणार आहे, तिला पहिला नंबर दाखवणार, असंही म्हणते. तुम्ही मागे उभ्या आहात. पुढे येता, माझ्या बाटलीचं झाकण काढता आणि तुमच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मधात बुडवता, दुसऱ्या पेरापर्यंत. सावकाश. मग ते रुमालाला पुसून इंग्रजीत म्हणता, "आता हा फक्त खायचा मध झाला. गर्व गेला की मग ये." बाकीच्या तिघी खाली बघतात. पृष्ठभागावर एक खळगा पडतो आणि माझ्या डोळ्यांदेखत भरून येतो. मध सपाट होतो, पण त्यात बुडबुड्यांची एक माळ राहते.

एवढ्यावर थांबला असतात तर मी विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी आई आली, चांगली साडी नेसून. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चिठ्ठी वाचत गेली, पुन्हा परत आली. "कुठेय गं तुझी बाटली?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात, हसून म्हणालात की हिची बाटली स्वच्छ नव्हती. आईला तेवढं इंग्रजी कळलं. ती ओशाळली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाटली तरी नीट धुवायचीस गं." मी तिला खरं काय झालं ते सांगितलं. तर म्हणाली, "सिस्टर कशाला खोटं बोलतील?" पुढे दर उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्या निघाल्या की ती हसत म्हणायची, "हिला नका देऊ, मीच धुते." ती गेली तोपर्यंत तिचा तोच समज होता. तुमचं बोट मी एकवेळ सोडून देईन. हे नाही सोडणार.

प्रदर्शनाला जाताना दोन्ही बरण्या मांडीवर धरल्या होत्या. नवरा इतकी सावकाश गाडी चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते. पोचल्यावर झाकणं काढून नवी, कोरडी झाकणं लावली. तेही तुमचंच. परीक्षकाने पांढरा कोट घातला होता. त्याने झाकण उचललं, लगेच वास घेतला, आतली बाजू दिव्याखाली धरली. मग काचेची कांडी मधाकडे नेली. पण तो थांबला. कांडी तशीच हवेत धरून त्याने पृष्ठभाग नीट पाहून घेतला आणि मान डोलावली. मगच बुडवली.

दुसरा नंबर आला. शेजारच्या बाईंना माझ्याहून जास्त आनंद झाला. त्यांनी मला रॅप ओढताना पाहिलं होतं. म्हणाल्या, "ते कोणी शिकवलं तुम्हाला? असं एकटीने शिकता येत नाही."

"आईने," मी म्हटलं.

त्या कमरेत वाकल्या, जणू आई तिथेच उभी होती. "फार स्वच्छ हाताच्या असतील तुमच्या आई."

"हो ना," मी म्हटलं. "आणि मलाही शिकवलं तिने. बाटली नीट धुवायची, म्हणायची."

तुम्ही आईशी माझ्याबद्दल खोटं बोललात, मी तुमच्या वाटणीचं श्रेय आईला देऊन टाकलं. मला त्याचं जराही वाईट वाटलेलं नाही. इथे गुरूचं नाव घ्यायची फार रीत आहे. तुमचं मी घेतलं नाही, पुढेही घेणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. दुसरी बरणी न उघडता परत आली, ती शेल्फवर आहे. नवरा रोज विचारतो, मी रोज जॅम पुढे करते. काल तो बाहेर गेल्यावर मी झाकण उघडून खिडकीशी धरलं. आतून कोरडं होतं. खाली मध, एक बुडबुडा नाही. आईला दाखवला असता तर छान म्हणाली असती, पण त्यात काय छान आहे ते तिला कळलं नसतं. कळलं असतं ते एका माणसाला. बरणी हातात घेऊन मी बराच वेळ तशी उभी होते, आणि सिस्टर, मला ती तुम्हालाच दाखवायची होती.