दाजींचं वेल्डिंग मशीन

बेळगुंदी,
ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. नागेंद्र यास मंगलआक्काचे अ. आ. वि. वि. आणि आता तिसऱ्यांदा विचारते, तुला बहीण आहे की न्हाय? दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला तुझ्या दुकानातलं ग्राइंडरच माझ्याशी बोललं, तू नुसता हं हं करत होतास. शेवटी काय ठरलं म्हणून विचारलं, तर उलट मलाच विचारलंस, कशाचं? म्हणून हे कागदावर लिहून देते. रताळ्याचा टेंपो घेऊन गावातला शामू कोल्हापूरला निघालाय, जाता जाता निपाणीत तुझ्या हातात देईल. कागद काय ग्राइंडरच्या आवाजात बुडत न्हाय.

तर ऐक. तुझ्या दाजींची फौंड्री बंद पडून चार महिने झाले. तीस वर्षं साचे केलेला माणूस आता सोप्यात खुर्चीवर बसून असतो. जेवा म्हटलं की जेवतात, उठा म्हटलं की उठतात. मी एवढी तोंडाची फाटकी, पण मला उलटून बोलायचंही सोडलंय. भांडायला माणूस नसला की घर खायला उठतं बघ. एकाच गोष्टीचं नाव काढलं की तोंडावर जरा कळा येते, ती म्हणजे वेल्डिंगचं मशीन. घरी मशीन घ्यायचं, घरामागच्या परड्यात गेट, खिडक्या, गोठ्याची दारं करायची, असं त्यांच्या मनात आहे. मी लगेच हो म्हटलं. माणूस त्या खुर्चीतनं उठला पाहिजे, बाकी मला काय न्हाय पाहिजे.

पण घ्यायचं कुठलं? दिवसभर मोबाइलवर मशिनी बघतात. परवा एक दाखवलं, त्याच्या शेजारी माणसाएवढी गॅसची टाकी, आणि किंमत आमच्या म्हशीच्या जवळपास. म्हैस निदान दूध तरी देते. दुसरं दाखवलं सहा हजाराचं, त्यावर लिहिलंय अडीचशे अँपिअर. मी चौथी शिकलेली, पण सहा हजारात कोण एवढं देत न्हाय हे मलाबी कळतं. तू वीस वर्षांचा वेल्डर. घरच्या लाइटवर चालणारं, स्वस्त आणि फसवणार न्हाय असं कुठलं ते सांग. शहाणपणा मात्र बेतानं. तुझ्या सासऱ्याच्या झोपाळ्याची कडी कुणी जोडली होती आणि म्हातारा कुठं जाऊन पडला ते मला ठाऊक आहे.

सोबत रताळी आहेत, ती बायकोच्या, तेजस्वीच्या हातात दे. तिला वाटा मिळाला का ते मी विचारणार आहे. माझा लोभ आहे तेवढा आहे, उत्तर आलं तर वाढेल.

तुझी
मंगलआक्का

निपाणी,
ता. ७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कास नागेंद्रचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, रताळी पोचली, शिव्याही पोचल्या. तेजस्वीनं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं आणि झोपाळ्यापाशी आल्यावर एवढी हसली, की पुढचं मलाच वाचावं लागलं. आक्का, त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. सासरे विसरले, तू काही विसरेनास.

आता मशीनचं. गॅसवालं घेऊ नका. तुमच्या परड्यात कणकुंबीच्या घाटाकडनं वारं येतं, ते गॅस उडवून नेईल आणि जोड कच्चा राहील. शिवाय टाकी बदलायला दर वेळी बेळगाव. तुम्ही फ्लक्सच्या वायरचं मशीन घ्या. ही वायर पोकळ असते, पोटात पूड भरलेली. विडीला जसं बाहेर पान आणि आत तंबाखू, तसं हिला बाहेर लोखंड आणि आत पूड. पूड जळली की तिचा धूरच जोडावर पांघरूण घालतो, टाकी लागतच नाही.

डब्यावरच्या आकड्याला भुलू नका. घरच्या मोठ्या प्लगवर खरे एकशेवीस-तीस अँपिअर देणारं मशीन तुम्हाला पुरे. खिडकीच्या पातळ पाइपला त्याहून जास्त लावलं तर भोकं पडतील. दुकानदाराला झाकण उघडायला लावा आणि आतलं प्लस-मायनस अदलाबदल करता येतं का बघा, कारण फ्लक्सच्या वायरला ती वायर सोडणारी बंदूक मायनसवर लागते. बिघडलं तर बेळगावात दुरुस्त कोण करतो, हे आधी विचारा आणि भाव मागनं. अकरा-बारा हजारांत चांगलं मिळतं. उरलेल्या पैशात काच आपोआप काळी होणारं हेल्मेट घ्या, त्यात काटकसर नको. डोळे दुकानात मिळत नाहीत.

एक विनंती. हे मी सांगितलं असं दाजींना सांगू नकोस. तीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला धाकट्या मेहुण्यानं शिकवणं बरं दिसत नाही. त्यांनाच सुचलं असं होऊ दे. तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर.

लोभ असू द्यावा, शिव्या जरा कमी असल्या तरी चालतील.

तुझा
नागू

बेळगुंदी,
ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. नागूस अ. आ. वि. वि. मशीन आलं. हे सगळं नागूनं सांगितलं असं मी दाजींना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, लपवालपवी मला जमत न्हाय. दाजी म्हणाले, नागूला आता बरंच कळायला लागलं. तेव्हा तू उगाच घाबरतोस.

बेळगावात तीन दुकानं पालथी घातली. दोन दुकानदारांनी झाकण उघडायला नकार दिला, तिसऱ्यानं उघडलं, त्याच्याकडनं घेतलं. आता एक चूक सांगते. ती माझी आहे आणि मी एकदाच लिहिणार, परत उकरून काढायची न्हाय. दुकानात दोन जातीच्या वायरी होत्या. एक तू म्हणालास ती, दुसरी तांब्यासारखी चकचकीत आणि बरीच स्वस्त. तुझे दाजी हेल्मेट डोक्यात घालून बघत होते. मी म्हटलं वायर ती वायर, आणि चकचकीत रीळ पिशवीत टाकलं.

घरी येऊन जोड मारला तर फुटाण्यासारखं उडालं आणि जोडाला आंबोळीसारखी जाळी पडली. आंबोळीला जाळी पडली तर माणसं दुसरी मागतात. लोखंडाला पडली की हातोड्याच्या एका टोल्यात दोन तुकडे. दाजी म्हणाले आपला हातच गेला, आणि परत खुर्चीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी मी ती वायर पकडीत धरून दाबली. दबेचना, सगळी भरीव! पोटात पूड कुठली? ही तर टाकीवाल्या मशीनची वायर. मी जाऊन सांगितलं की हात गेला न्हाय, माझी अक्कल गेली. त्यावर हे माझ्यावर असे ओरडले, असे ओरडले की कोंबड्या परसात पळाल्या. नागू, चार महिन्यांनी ओरडले. लई बरं वाटलं.

पण पुढचं ऐक. बरोबर वायर आणली, बंदूक मायनसवर लावली. जोड धरायला लागला, पण ह्यांची रेघ कुठं डोंगर, कुठं खड्डा. हात थरथरतो. मी चहा घेऊन गेले होते, म्हटलं बघू इकडं. हेल्मेट घातलं आणि बंदूक ओढली. ताणलेल्या सुतळीसारखी रेघ आली! लग्नाआधी आईजवळ बसून रोज हजार विड्या वळायचे, बोटं एकसारखी चालायची सवय ती, दुसरं काय. मी आनंदानं ओरडले. ह्यांनी रेघ बघितली, चांगली आली म्हणाले, हेल्मेट खिळ्याला अडकवलं आणि आत गेले. त्याला आज चार दिवस झाले. मशीनवर पोतं टाकलंय.

माणूस उठवायला मशीन आणलं आणि मीच त्याला परत बसवला. आता काय करू ते लिही, आणि या वेळी मला हसू नकोस. लोभाचं पुढच्या पत्रात बघू, आज मन ठिकाणावर न्हाय.

तुझी
आक्का

निपाणी,
ता. २१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

हसू नको म्हणालीस म्हणून दुकानाच्या मागे जाऊन हसलो. बारा खिडक्यांच्या चौकटींचं काम अंगावर आहे, हात पुरेनात, दोन कारागीर ठेवलेत त्यांना वर्षभरात सरळ रेघ येत नाही, आणि तू चहाचा कप ठेवून काढलीस!

दाजींचं मात्र मनाला लागलं. माणसाला वाटतं, निदान एवढं तरी आपलं असावं. माझं ऐकशील तर चार दिवस मुद्दाम वाकडी रेघ काढ. दाजींना चूक काढू दे, तुला शिकवू दे. त्यांचा हातही तोवर बसेल. लहानपणी गजगे खेळताना तू कधी एक डाव हरली नाहीस, त्यामुळे हे अवघड जाईल. पण संसारात एखादा डाव सोडावा असं तेजस्वी म्हणते, आणि ती माझ्यापुढे रोज जिंकते.

दाजींना नमस्कार सांग. लोभ आहे तो तसाच राहावा.

तुझा
नागू

बेळगुंदी,
ता. २ डिसेंबर २०२५

चि. नागूस अ. आ. वि. वि. तुझा सल्ला ऐकला आणि तोंडावर पडले. यापुढं लोखंडापुरतंच सांगत जा.

मशीनवरचं पोतं काढलं, ह्यांना बळंच परड्यात आणलं आणि ठरवून वाकडी रेघ ओढली. दोन बोटं झाली नसतील, ह्यांनी बटण बंद केलं. म्हणाले, तीस वर्षं खोटा माल हातानं चाचपून बाजूला काढलाय, चुकून झालेलं आणि मुद्दाम केलेलं मला कळत न्हाय काय? कीव करायची असेल तर मशीन विकून टाकू, गल्लीतल्या एकानं विचारलंयबी. मग मीबी सोडलं न्हाय. माझी रेघ सरळ येते हा काय माझा गुन्हा, असं विचारलं. दुपारपर्यंत भांडलो. शेजारची रुक्माबाई मधल्या दगडी गडग्याशी येऊन उभी राहिली, तिची चुलीवरची भाकरी करपली तरी हलली न्हाय.

रागारागानं मी एकटीनंच खिडकीची चौकट जोडायला घेतली. चारी जोड सुतासारखे सरळ. जमिनीवर ठेवली तर एक कोपरा वर! दाबला की पलीकडचा वर. हे खुर्चीतनं बघत होते. उठले, काटकोन बघायचा गुण्या आणला, कोपऱ्याला लावला आणि दोन सूत फरक आहे म्हणाले. लोखंड तापलं की ओढून घेतं. एक जोड पुरा करून दुसऱ्याला जायचं नसतं. आधी चारी कोपऱ्यांना टिकले, म्हणजे नुसते ठिपक्याएवढे जोड द्यायचे, कर्ण मापायचे, मग थोडं इथं, थोडं समोर. हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि एवढं सांगायला त्यांना भांडणाएवढाच वेळ लागला. मग करवत घेऊन माझी चौकट त्यांनीच कापली. मला वाईट वाटलं का म्हणशील, तर न्हाय.

दुसरी चौकट दोघांनी केली. माप त्यांचं, कापणी त्यांची, गुण्या त्यांचा. रेघ माझी. फरशीवर ठेवली तर हलेना. रुक्माबाई आपल्या गोठ्याचं दार आम्हालाच देणार म्हणाली. पण ह्यांचं म्हणणं, शेजारीण काय, वाईट म्हणणारच न्हाय. आणि तू तर मेहुणा, तुझं नुसतं तोंडानं चांगलं म्हटलेलं चालणार न्हाय.

म्हणून ती चौकट शामूच्या टेंपोत पाठवली आहे. पोत्यात गुंडाळून ह्यांनीच बांधली आणि शामूला तीनदा बजावलं की वाटेत आपटू नको, नागूनं आपटली तर चालेल. तर आपट. जोड कच्चा वाटेल तिथं हातोडा घाल, पकडीत धरून पिळ. मोडली तर मोडली म्हणून लिही आणि कुठल्या कोपऱ्यात ते लिही. माझं मन राखायला गोड लिहिलंस तर हे दोन ओळीत ओळखतील, आणि दुसऱ्या दिवशी मशीन गल्लीतल्या त्या माणसाच्या घरात असेल आणि हे परत खुर्चीत.

आणि टिकली तर तुझ्या त्या बारा खिडक्यांतल्या चार चौकटींची मापं पाठव. परक्याला सांगतोस तसं सगळं सांग, पाइप किती जाड, कुठल्या तारखेला पाहिजे, मजुरी किती. एक पैसा जास्त नको. काम दोघांच्या नावावर लिही, भावकू आणि मंगल. कुणाचं नाव पुढं यावं यावरनं आमचं आज सकाळी भांडण झालं, ते तू सोडव.

येत्या सोमवारी, आठ तारखेला, शामू निपाणीवरनं परत येणार. त्याच्या हातात तुझं उत्तर पाहिजे. फोन करायचा न्हाय. कागदावर, सहीनिशी, मोडली की टिकली. सोमवारपर्यंत लोभ पूर्वीसारखाच धरते, पुढचं तुझ्या हातोड्यावर.

तुझी
मंगलआक्का