मत माझे, अक्षर यांचे

मी, सौ. सुरेखा उल्हास बिवलकर, वय वर्षे ७३, जन्माने नाशिकची, नागरिकत्वाने कॅनडाची, सध्या राहणार रेगेन्सबर्ग, जर्मनी, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवते. लिहिताना मी पूर्ण शुद्धीत आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असते आणि ते कोणी वाचत नाही. माझ्या बाबतीत मात्र ते थांबून वाचावे, कारण गेल्या महिन्यात याच घरात माझ्या शुद्धीविषयी शंका घेतली गेली आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव होता तो एप्रिलमध्ये.

या देशाच्या कायद्याप्रमाणे घरी केलेले मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वतःच्या हाताने लिहावे लागते. दुसऱ्याने लिहून दिले आणि आपण खाली नुसती सही ठोकली, तर तो कागद रद्दीत जमा. आमच्या शेजारच्या फ्राऊ हुबर यांनी हे मला सांगितले तेव्हा मला इतके बरे वाटले, की मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावले. माझा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. त्यामुळे अक्षर वेडेवाकडे आहे आणि हे लिहायला मला आठवडा लागला आहे. ज्यांना अक्षर लागणार नाही त्यांनी भिंग घ्यावे. भिंग माझ्या खिडकीत आहे.

१. माझ्या कुटुंबात माझे पती श्री. उल्हास, मुलगा गौरांग, सून नंदिनी आणि नात ओवी एवढी माणसे आहेत. आम्ही तीस वर्षे कॅनडात, किचनर गावी काढली. हे कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते आणि माझे कपडे दुरुस्तीचे दुकान होते. गौरांग मोटारीच्या नोकरीसाठी इथे आला, आणि आठ वर्षांपूर्वी आम्हीही दोन सुटकेसा घेऊन त्याच्यामागून आलो. राहते घर भाड्याचे आहे, त्यामुळे त्यावरून कोणी भांडू नये.

२. हे मृत्युपत्र आत्ताच का, ते सांगणे भाग आहे. भारताचे नागरिकत्व मी सोडले, तेव्हा तिथे मला मत नाही. जर्मनीचे मी घेतले नाही, तेव्हा इथेही नाही. सगळ्या पृथ्वीच्या पाठीवर मला एकच मत आहे आणि ते कॅनडाचे. यंदा मार्चअखेरीस तिथे निवडणूक जाहीर झाली. शेजारचा मोठा देश आपल्या देशाला घशात घालण्याच्या गोष्टी उघड बोलत होता, आणि इथे बसून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी ठरवले की यंदा मत अगदी विचार करून द्यायचे.

विचार मी असा केला. आमच्या जुन्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना मी ओवीकडून ईमेल पाठवला. प्रश्न एकच. नव्याने आलेल्या बायकांसाठी इंग्रजीचे जे वर्ग असत, त्यांचे तुम्ही काय करणार? मी किचनरला उतरले तेव्हा मला दुकानात दूध मागता येत नव्हते. एका चर्चच्या तळघरात तसा वर्ग भरे, आणि तीन वर्षांचा गौरांग तिथेच शेजारच्या खोलीत खेळे. त्या वर्गात मी बोलायला शिकले, म्हणून पुढे माझे दुकान झाले आणि त्या दुकानावर गौरांगचे कॉलेज झाले. एका उमेदवाराकडून कर कमी करण्याचे छापील उत्तर आले. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. एकाच व्यक्तीने लिहिले, "मला माहीत नाही, विचारून सांगते," आणि पाच दिवसांनी खरोखर विचारून सांगितले. पैसे किती कमी झाले, कुठले वर्ग बंद पडले, सगळे. माझा निर्णय तिथे झाला. त्या बाईंचे नाव आणि पक्ष मी इथे लिहिणार नाही. मतदान गुप्त असते, निदान असावे असा समज आहे.

३. टपालाने मत द्यायचे असले की ओटावाहून एक कोरी पत्रिका येते. तिच्यावर उमेदवाराचे नाव आपल्या हाताने लिहायचे, ती आतल्या पाकिटात घालायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर आपली सही. आमच्या घरी अशा तीन पत्रिका आल्या. यांची, गौरांगची आणि माझी. एका शनिवारी मी अंघोळीहून येते तो टेबलावर माझे पाकीट बंद करून ठेवलेले, वर पेन. आतल्या पत्रिकेवर यांनी आपल्या सुरेख अक्षरात यांच्या उमेदवाराचे नाव लिहून टाकले होते.

मी विचारले, "अहो, हे काय केलंत?"

"तुझा हात थरथरतो. अक्षर लागलं नाही तर मत बाद होईल, म्हणून लिहून टाकलं. तू फक्त सही कर."

"पण मला दुसऱ्या कुणाला द्यायचंय. सांगितलं होतं ना तुम्हाला, त्या इंग्रजीच्या वर्गावरून?"

"अगं, वर्गासाठी कुणी मत देतं का? आणि तुझं माझं वेगळं काय असतं?"

गौरांगने लॅपटॉप उघडून मला एक तक्ता दाखवला. त्यात आमची दोघांची पेन्शन, डॉलरचा भाव आणि कुठल्या पक्षाने किती फरक पडेल ते सगळे रंगवून ठेवले होते. तो म्हणाला, "आई, लॉजिकली बघ ना. फॅमिलीची तीन मतं एका ठिकाणी गेली तर काहीतरी अर्थ आहे. आणि पोस्ट आज गेली नाही तर ती वेळेत पोचणारच नाही, बरोबर ना?"

नंदिनी ओट्यापाशी होती. ती म्हणाली, "आईंना लिहू दे ना त्यांचं त्यांना." गौरांग तिला म्हणाला, "तू नको मध्ये पडू, तुला व्होट नाहीये." ओवी मात्र कानातले हेडफोन काढून ताडकन म्हणाली, "आजी, दास इस्ट डोख फरबोटन!" म्हणजे हे चक्क बेकायदा आहे. सोळा वर्षांच्या मुलीला कळले ते अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इंजिनिअरला कळले नाही.

मी सही केली नाही. दुसरी पत्रिका मागवायला ओटावाला फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलली, पण नवी पत्रिका येऊन परत जाण्याइतके दिवस उरले नव्हते. अठ्ठावीस एप्रिलला निवडणूक झाली. यांचे मत पोचले, गौरांगचे पोचले. माझे गेलेच नाही. मग घरात सगळे म्हणायला लागले की जाऊ दे, एका मताने असा काय फरक पडतो. फरक पडत नव्हता तर माझे एक मत घ्यायला तुम्ही दोघे इतके का धडपडलात, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

४. शुद्धीविषयी. सही नाकारल्यानंतर घरात कुजबुज सुरू झाली. आई हट्टी झाली आहे, हे त्या थरथरीचेच पुढचे लक्षण असेल, साठी बुद्धी नाठी. ज्या देशात मेंदूच्या डॉक्टरची वेळ मिळायला ऋतू पालटतो, तिथे माझ्या मुलाने ती आठवड्यात मिळवली. शिवाय माझे सगळे व्यवहार त्याच्या हाती देणारा फोलमाख्टचा कागदही घरी आणून ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला?

डॉक्टरीणबाईंनी मला घड्याळाचे चित्र काढायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि मग विचारले की जर्मनीचा चान्सलर कोण. मी विचारले, "आत्ता आहे तो, की पुढच्या आठवड्यात येणार आहे तो?" बाई हसल्या. दाखल्यात त्यांनी लिहिले आहे की हात थरथरतो, डोके नाही. फोलमाख्टच्या कागदावरही मी सही केलेली नाही.

५. नाशिकचा कॉलेज रोडवरचा फ्लॅट मला माझ्या वडिलांकडून मिळाला आहे. तो मी नंदिनीला देते, एकटीच्या नावावर. तिला मध्ये न पडण्याची आज्ञा या घरात वारंवार होते. एखादी जागा अशी असावी की जिथे ती मध्ये आहे की कडेला, हे ती स्वतः ठरवील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

६. माझे शिलाई मशीन आणि कापडाची मोठी कात्री ओवीला. ती शिवणार नाही हे मला माहीत आहे, पण मशीन विकू नये. ती अठरा वर्षांची झाली की या देशात मत देईल. ते कोणाला दिले हे तिला बापाने, आजोबांनी किंवा पुढे कधी नवऱ्याने विचारू नये. विचारलेच, तर तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावे. तसेही ती तेच करते.

७. दुकानाच्या कमाईतून साठवलेले माझे पैसे रेगेन्सबर्गमध्ये नव्या आलेल्या बायकांना जर्मन शिकवणारा जो वर्ग असेल, त्याला द्यावेत. तिथे मुले सांभाळायची सोय हवी, नसेल तर या पैशातून करावी. नवऱ्याला आणि मुलाला काही किमान हिस्सा द्यावाच लागतो असा इथला कायदा आहे, त्याला फ्लिश्टटाइल म्हणतात. तो त्यांना मिळेल. कायद्यापुढे माझे काही चालत नाही, आणि कायद्याचे आभारही मानावेत असे मला वाटत नाही.

८. किचनरच्या मराठी मंडळाचे श्री. सत्यजित यांनी निवडणुकीच्या काळात मला तीनदा फोन करून सांगितले, "वहिनी, आपला माणूस उभा आहे. गणपतीत आरतीला आला होता, फेटा बांधून." तो फेटा माझ्या दुकानातल्या कापडाचा होता आणि आरतीनंतर तो त्याच्याच डोक्यावर निघून गेला. त्याचे मी काही म्हणत नाही. पण पुढच्या वेळी आरतीला येणाऱ्याच्या हातात प्रसादाबरोबर एक प्रश्नही ठेवत जावा, एवढे मंडळाला कळवावे.

९. गौरांगला मी त्याने केलेला तक्ता परत देते. त्याची छापील प्रत माझ्या कपाटात आहे. त्यात पेन्शनची ओळ आहे, डॉलरची ओळ आहे, आईला काय वाटते याची ओळ नाही. बाळा, तू वाईट नाहीस. तुला घाई असते. चर्चच्या तळघरात तू दुसऱ्या मुलांच्या हातातली खेळणीही अशीच घाईने ओढून घ्यायचास आणि मग त्यांनाच खेळायला शिकवायचास. तेव्हा मी हसायचे. या वेळी मला रडू आले आणि ते तू पाहिलेस, आणि तरी पोस्टाची वेळ सांगत राहिलास.

१०. माझे पती श्री. उल्हास यांस. किचनरला दर निवडणुकीला गाडीत बसल्यावर तुम्ही सांगायचात, "यंदा अमक्याला." मी म्हणायचे, "बरं." पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर मी माझ्या मनाला येईल त्यालाच मत दिले, दर वेळी. हे तुम्हाला आज, हे वाचताना, पहिल्यांदा कळते आहे. आडोसा असेपर्यंत आपल्यात या गोष्टीवरून कधी भांडण झाले नाही. जेवणाच्या टेबलाला आडोसा नव्हता, एवढाच यंदाचा फरक.

हात थरथरायला लागल्यापासून तुम्ही माझ्या कोटाची बटणे लावता. चहा अर्धाच कप भरता, म्हणजे सांडू नये. मी न सांगता करता. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण बटणांसाठी मी तुमच्यापुढे उभी राहते. मतासाठी उभी राहिले नव्हते. पन्नास वर्षांनंतरही तुम्हाला या दोन गोष्टींतला फरक सांगावा लागतो, याचे मला जेवढे वाईट वाटते तेवढे मत वाया गेल्याचेही वाटत नाही. माझ्या दोन पाटल्या तुम्हाला देते. विकू नका, तुमच्या टेबलाच्या खणात ठेवा.

११. हा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला आहे, एक अक्षरही दुसऱ्या कोणाचे नाही. ज्या हाताला एक नाव लिहिता येणार नाही असे घरातले ठरवून मोकळे झाले होते, त्याच हाताने ही पाने लिहिली आहेत. ज्याला शंका असेल त्याने मोजून पाहावे की यात किती नावे आली.

१२. पुढच्या निवडणुकीपर्यंत मी असले, तर माझी पत्रिका बंद पाकिटात माझ्याच हाती यावी आणि ती लिहून होईपर्यंत सर्वांनी खोलीबाहेर थांबावे. वेळ लागेल. थांबावे.

नसले, तर माझे नाव मतदारांच्या यादीतून काढून टाकावे असे पत्र ओटावाला पाठवावे लागेल. ते पत्र श्री. उल्हास यांनी लिहावे. यांचे अक्षर सुरेख आहे, आणि त्या कागदावर माझी सही लागणार नाही.

स्थळ : रेगेन्सबर्ग
दिनांक : ११ मे २०२५, रविवार

सही
सुरेखा उल्हास बिवलकर

साक्षीदारांची इथे गरज नसते असे कळले. तरी मला हवे आहेत.

साक्षीदार १ : एर्ना हुबर, शेजारीण. यांना मराठीचे एक अक्षर येत नाही. हे सर्व मी लिहीत असताना आठवडाभर दुपारी त्या समोर बसून होत्या आणि लिहिणारा हात कोणाचा ते त्यांनी पाहिले आहे.

साक्षीदार २ : स्नेहलता ओक, मैत्रीण, रेगेन्सबर्ग. यांनी मजकूर वाचलेला नाही. मी वाचू दिला नाही. सही मात्र माझ्या समोर केली आहे, त्यांच्या स्वतःच्या हाताने.