वरची मागची खोली आणि सिरिल हॉबडे

उल्हासने गेल्या रविवारी टेप आणून वरच्या मागच्या खोलीचं माप घेतलं. खोलीत माणूस बसला होता. त्याला पाय वर घ्यायला सांगून पलंगाखालचंही मोजलं. मला विचारलं नाही. मी अजून मेलेले नाही हे त्याच्या ध्यानात यावं, आणि मेल्यावर काय करायचं तेही कळावं, म्हणून हे लिहिते.

मी, श्रीमती इंदुमती सतीश खोपकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार १४, हॉथॉर्न रोड, कॉव्हेंट्री, शिक्षण मराठी चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं सॉलिसिटर अतुल म्हणाले. याचं इंग्रजी तेच करून जोडतील. आधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात उल्हासला जास्त मिळत होतं.

१. घर मुलगा उल्हास आणि मुलगी नीना यांना निम्मं निम्मं. मात्र श्री. सिरिल हॉबडे जिवंत आहेत आणि त्यांना इथे राहायचं आहे तोवर घर विकायचं नाही, त्यांना खोलीतून हलवायचं नाही, म्हाताऱ्यांच्या होमची रंगीत पत्रकं त्यांच्या उशाशी ठेवायची नाहीत. स्वयंपाकघर, बाथरूम आणि बागेतली खुर्ची त्यांनी पूर्वीसारखीच वापरावी.

सिरिल कोण ते कोर्टासाठी लिहिते. सिरिल नट आहे. उत्तरेकडच्या हल गावचा, पाववाल्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी नाटक कंपनीत चहा करायला लागला आणि तिथेच रंगमंचावर गेला. लंडनला दोनदा मुख्य भूमिका केली. एक नाटक नऊ दिवसांत पडलं, दुसरं आठ महिने चाललं. सिनेमात तो बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात मरतो. टीव्हीवर सहा वर्षं बटलर होता, लॉर्डांच्या पाहुण्यांना दार उघडायचा. आमच्या घरची बेल वाजली तर एकदाही उठला नाही.

१९७२ साली हे गेले. उल्हास नऊ वर्षांचा, नीना पाचाची. बाहेरगावच्या नटांसाठी इथल्या थिएटरकडे खोल्यांची यादी असायची, तिच्यात मी घराचं नाव घातलं. पुढच्या वर्षी ख्रिसमसच्या नाटकासाठी सिरिल सहा आठवडे राहायला आला. त्याला तेहतीस वर्षं होतील. मराठी मंडळातल्या शशीने तेव्हापासून सगळ्यांना काय काय सुचवलं ते मला ठाऊक आहे. तसं काही नव्हतं. असतं तर इथे लिहिलं असतं, आता मला कुणाची भीती?

होतं ते एवढंच. संवाद पाठ करताना त्याला समोर कुणीतरी लागायचं आणि मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने रोज भांडी झाल्यावर टेबलाशी बसवून मला शिकवलं, नाटकांच्या वह्यांवरूनच. त्यामुळे माझं पहिलं इंग्रजी डचेसचं. गटार तुंबलं तेव्हा कौन्सिलमध्ये जाऊन मी सांगितलं की आपल्या वर्तनाने मला अतीव खेद झाला आहे. तिथला माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला. दुपारी कामगार हजर. मग शाळेत, बँकेत, हॉस्पिटलात मी तसंच बोलत गेले. नवऱ्यामागे दोन मुलं त्या इंग्रजीवर वाढवली.

हे सगळं रविवारी उल्हासला जिन्यात ऐकवलं. तो म्हणाला, "आई, ही इज नॉट फॅमिली."

"मग पाय वर घ्या असं कोणत्या नात्याने सांगितलंस?"

तो गाडीची किल्ली शोधायला लागला. सिरिल आतून म्हणाला, "मिसेस के, लेट द बॉय मेझर." बॉय त्रेचाळीस वर्षांचा आहे.

२. पोस्टातली शिल्लक नात स्वरालीला. तिने त्याचं काय केलं ते कुणी विचारू नये.

३. शिलाई मशीन नीनाला. पाटल्या सूनबाई निधीला, कारण टेपचं दुसरं टोक धरायला ती नाही म्हणाली.

४. १९८१ साली शशीने नेलेली पुरणाची चाळण शशीलाच. परत करायचा तिचा त्रास वाचला.

५. सिरिलला वस्तू काही नको आहेत, मी विचारलं. फेब्रुवारीत त्याला टीव्हीवर न्यायाधीशाचं काम आहे, दोन वाक्यांचं. हल्ली दुसरं वाक्य आधी येतं. मी असले तर मीच समोर बसेन, नसले तर नीनाने बसावं आणि घाई करू नये.

६. या सगळ्याची अंमलबजावणी नीना करील. उल्हासला राग येईल. पोरगा चांगला आहे, फक्त उतावळा. एकंदरीत माझं छान गेलं, तक्रार फक्त वर लिहिली तेवढीच.

सिरिलला साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याची सही चालत नाही, असं अतुल म्हणाले. टीव्हीवर दोनदा अशी सही केली आहे, असं सिरिल म्हणाला, आणि रुसून वर गेला.

सही: इंदुमती सतीश खोपकर
साक्षीदार, दोघेही माझ्यासमोर: मार्गारेट डॉयल, शेजारीण, राजीव पाटणकर, कोपऱ्यावरचे केमिस्ट
कॉव्हेंट्री, १२ ऑक्टोबर २००६

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायदा मानत नाही म्हणे. तर हे कायद्यासाठी नाही. माझ्या अंत्यविधीला सिरिल पहिल्या रांगेत बसेल. मंडळातलं कुणीतरी विचारणारच, हा कोण. सिरिलला बोलू देऊ नका, तो अर्धा तास घेईल. नीनानेही बोलायचं नाही. उत्तर उल्हासने द्यायचं. काय द्यायचं ते त्याचं त्याने ठरवावं, पण सिरिलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने द्यावं.