पालकांचं म्हणणं

१४ जानेवारी

इथल्या कौन्सिलकडून, म्हणजे इंग्लंडातल्या पालिकेकडून, ईशिताच्या खास शिक्षणाच्या प्लॅनचा ड्राफ्ट आला. सप्टेंबरपासून कुठली शाळा — पंधरा दिवसांत कळवायचं. चार वर्षांची पोर, अजून एक शब्द नाही. मंजिरी म्हणाली, "स्पेशल स्कूलमध्ये एक जागा आहे रे. वर्गात आठच मुलं." माझी मुलगी तिथे जाणार नाही! साध्या शाळेत चार मुलांत राहिली की बोलेल.

मंजिरी उठून भांडी घासायला गेली. बायको गप्प झाली की मला वाटतं तिला पटलं.

१६ जानेवारी

ड्राफ्टसोबत परत पाठवायचं 'पालकांचं म्हणणं' हे पान मीच लिहिलं. मंजिरीने न वाचता सही केली.

३ फेब्रुवारी

फायनल प्लॅन आला. कोपऱ्यावरची साधी शाळाच! पुण्याला बाबांना फोन केला. "नॉर्मल शाळा ना?" दोनदा विचारलं त्यांनी. हो म्हणताना बरं वाटलं.

५ मार्च

मंजिरीला ताप. ईशिताला नर्सरीतून आणायला मी गेलो — पहिल्यांदाच. एरवी लीड्सचं ऑफिस सुटेपर्यंत सहा वाजतात. आज लवकर पोचलो.

काचेतून दिसलं. मुलं गोल करून गात होती. ईशिता कोट टांगायच्या खुंट्यांखाली, भिंतीकडे तोंड, दोन्ही कानांवर हात. तिची टीचर हेलन शेजारी जमिनीवर नुसती बसून होती.

"आज त्यातल्या त्यात बरा दिवस," हेलन म्हणाली.

बरा!

गाडीत ईशिताचा बेल्ट लावता येईना. तिसऱ्या खेपेला लागला.

६ मार्च

मंजिरीला विचारलं, रोज असंच?

"रोज."

सांगितलं का नाहीस?

"सांगितलं होतं. तू म्हणालास, मुलं रडतातच."

म्हणालो होतो.

१० मार्च

आमची केस बघणाऱ्या कौन्सिलच्या जोअ‍ॅनला फोन केला. म्हटलं, चुकलं आमचं, ती स्पेशल स्कूलची जागा द्या. ती फार मायेने बोलली — त्यानेच जास्त लागलं. जागा फेब्रुवारीतच दुसऱ्या मुलाला गेली. वर्ग भरला. अपील करता येईल, वेटिंग लिस्टवर नाव घालता येईल. पण सप्टेंबरचं काही सांगता येत नाही.

११ मार्च

मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, जानेवारीत जोअ‍ॅनने तिला एकटीला फोन केला होता — पानावर फक्त वडिलांचंच म्हणणं दिसतंय, तुम्हालाही हेच हवंय का?

"मी हो म्हटलं. घरात भांडण नको म्हणून."